शमशेरचा फोटो

माळीवाडा, अहमदनगर
ता. १२ नोव्हेंबर १९४४

ती. मुक्ताआत्यास,

गोरक्षचा साष्टांग नमस्कार. पत्र छगनदादाच वाचून दाखवणार, तेव्हा त्यालाही नमस्कार आणि एक विनंती. दादा, वाचताना मधल्या ओळी गाळू नकोस. मागच्या पत्रात अनारसे फसल्याची गोष्ट मी चांगली दोन पानं लिहिली होती, ती तू आत्याला ऐकवलीच नाहीस हे मला कळलं आहे.

आम्ही सगळे खुशाल आहोत. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून चित्रकलेच्या तासाला पोरं एकाच कागदावर पुढून कुंडी आणि मागून बैल काढतात. किल्ल्यात पुढारी कोंडलेले आहेत, त्या बाजूला अजून कुणाला फिरकू देत नाहीत. त्यामुळे रविवारची माझी भटकंती दुसऱ्या वाटांनी चालते. माझ्या छंदाला तू 'मेल्या माणसांची उठाठेव' म्हणतेस, पण ती उठाठेव आता चांगली बाळसं धरू लागली आहे.

तुला सांगायचं राहिलंच होतं. दोन वर्षांमागं एका काचवाल्याकडे जुन्या फोटोंच्या काचा मिळाल्या, पेटीभर. पूर्वी फोटो आधी काचेवर उतरायचा. ती काच जपून ठेवली की तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात. पेटीत चाळीस काचा होत्या. दिल्ली दरवाजा, मोहरमचे ताबूत, पलटणीचा बँड, एक गोरा साहेब आणि त्याचं कुत्रं अशा तेरा मी ठेवल्या. बाकीच्या सत्तावीस कुणाकुणाच्या घरगुती, नाव ना गाव. त्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून साफ केल्या. ठेवलेल्या तेरांच्या कागदी प्रती काढून चौकटींत घातल्या, साफ केलेल्यांतल्या तेरा काचा त्यांना बसवल्या आणि उरलेल्या मित्रांना वाटल्या, कारण बाजारात काच औषधालाही नाही. आता माझ्या भिंतीवर सगळं जुनं नगर टांगलेलं आहे. येणारा वाहवा करतो आणि मीही ती आढेवेढे न घेता घेतो.

आता कामाचं. संक्रांतीला इथल्या वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय 'घरोघरच्या म्हणी'. पुस्तकातल्या म्हणी नकोत. एखाद्या घरात काही घडतं, त्यावरून म्हण पडते आणि ती त्याच घराला कळते, तसल्या मी जमवतो आहे. आपल्या घरच्या पाच झाल्या. कारभारीमामा जत्रेला एक दिवस आधी पोचले, देवळात आडवे झाले आणि जत्रा उठल्यावर जागे झाले, ती 'कारभारीमामाची घाई' तर लोक डोक्यावर घेतील.

एक मात्र अडली आहे. कबूल केलेली वस्तू येणार नाही असं दिसलं की आपण म्हणतो, 'हा तर शमशेरचा फोटो.' छगनदादाने गुळाची ढेप पाठवतो म्हटल्याला वर्ष झालं, ती शमशेरचा फोटोच. पण हा शमशेर कोण? लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, तर ते भरल्या ताटावरून उठून गेले. आता बाबाही नाहीत. म्हण कुणी पाडली, कशावरून पाडली, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

गंमत बघ. सगळ्या जिल्ह्याचे आजे-पणजे मी गोळा करतो, आणि आपल्या घरात फोटो म्हणावा तर बाबांचा एक, तोही पलटणीतल्या दहा जणांत उभा असलेला. आईचा नाहीच. ती गेली तेव्हा मी आठ महिन्यांचा. ती काळी होती की गोरी, तेसुद्धा मला माहीत नाही. जत्रेत, बाजारात बायांच्या तोंडाकडे बघत राहायची खोड मला लहानपणापासून आहे, ती अजून गेली नाही. मनाला लावून घेऊ नकोस, ओघात लिहिलं. तुझ्या हाताखाली वाढलो, मला कशाची उणीव पडली नाही.

शमशेरचं तेवढं लवकर कळव.

तुझा
गोरक्ष


श्रीगोंदे
ता. २६ नोव्हेंबर १९४४

चि. गोरक्ष यास छगनचा आशीर्वाद.

गुऱ्हाळ लागलं आहे. चुलवाणापाशी बसून लिहितो आहे, कागदावर काकवीचा डाग दिसला तर चाटून बघ, ढेपेच्या ऐवजी तेवढंच.

तुझं पत्र ओळ न गाळता वाचलं. कारभारीमामापर्यंत आई खुशीत होती, हसून हसून डोळ्यांना पदर लावला. शमशेरचं नाव आलं आणि काय बिनसलं कोण जाणे. म्हणाली, "कोन शमशेर? मला न्हाई ठावं. मेल्या मानसांची हाडं उकरून पोट भरतं का त्येचं, इचार." मी पुढं वाचत होतो तर उठूनच गेली. रात्री जेवली नाही. सकाळी विचारलं तर म्हणते, "पित्त झालंय."

तू तिच्या नादी लागू नकोस. मला ठाऊक आहे ते सांगतो. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आप्पा गेल्यावर आई मला घेऊन वाडगावला माहेरी राहिली होती, तुझे बाबा बसऱ्याच्या लढाईवर होते. नगरचा शमशेर नावाचा एक फोटोवाला गावात आला होता. त्याने कुणाचा तरी फोटो काढला आणि जो गेला तो गेलाच, पुन्हा तोंड दाखवलं नाही. म्हण त्यावरून. तू व्याख्यानात छातीठोक सांग. आई म्हणते सांगू नको, पण सांगू नको म्हणण्यासारखं त्यात आहे काय?

ढेप पाठवतोच. शमशेरचा फोटो होणार नाही.

छगन


अहमदनगर
ता. २२ जानेवारी १९४५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

आत्या, हे पत्र शेवटपर्यंत ऐक. दादा, सावकाश वाच.

व्याख्यान झालं. वाचनालय भरून गेलं होतं. कारभारीमामाला लोक खूप हसले. 'शमशेरचा फोटो' शेवटी सांगितला, दादाने लिहिलेली गोष्ट थोडी तिखटमीठ लावून. टाळ्या पडल्या. बाहेर पडताना दोघं तिघं एकमेकांना म्हणत होते, "आमच्या मुकादमाने सांगितलेली पगारवाढ म्हणजे शमशेरचा फोटो बरं का." मला वाटलं, चला, आपल्या घरची म्हण गावाची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दारात उभे. पस्तिशीचे, नीटनेटके, हातात कापडात बांधलेली वही. म्हणाले, "मी नूरमहंमद. झेंडीगेटजवळ फोटोचं दुकान आहे. काल तुम्ही ज्यांच्यावर लोकांना हसवलं, ते माझे वडील. तीन सालांमागं वारले." मी त्यांना बसा म्हणायचंही विसरलो. ते उभ्यानेच बोलले. "तुमचे वडील लढाईवरून परतल्यावर आमच्या दुकानात आले होते, गुरुजी. मी दहा वर्षांचा होतो. त्यांनी अब्बांच्या कॅमेऱ्याचं काळं कापड ओढून रस्त्यात फेकलं, नको ते बोलले. बाजार जमला. अब्बा एवढंच म्हणाले, माझ्याकडून राहिलं, दादा. घरी आल्यावर अम्मीने विचारलं, तर म्हणाले, मी पोचवला होता, पण एका बाईने माझ्याकडून शब्द घेतला आहे." मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली. अक्षर मोडी, ते मला वाचता येतं. त्यात लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो:

'नं. २१२. मौजे वाडगाव, ता. पारनेर. राहीबाई व तान्हे मूल. मूल हलले. प्रत एक. ता. १९ अक्टोबर १९१८ रोजी पोहोचवली.'

राहीबाई! आत्या, आईचा फोटो निघाला होता! तान्हं मूल म्हणजे मी. सत्तावीस वर्षं मी समजत होतो की ती कुठंच उतरली नाही, आणि ती मला मांडीवर घेऊन बसली होती.

नूरमहंमदांची मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाले नाहीत. जुन्या काचा वडिलांच्या पश्चात विकून टाकल्या म्हणतात. कुणाला विकल्या ते आठवून सांगणार आहेत, मी शोधून काढीनच. पण मुख्य गोष्ट अशी की प्रत पोहोचली. म्हणजे आपल्याच घरात कुणीतरी घेतली. ती बाई म्हणजे आजी असणार, दुसरं कोण? आजी जुन्या वळणाची, सून गेल्यावर तिने तो कुणाला न दाखवता पेटीच्या तळाशी घातला असेल. आजीची ती पितळी कड्यांची पेटी तुझ्याकडेच श्रीगोंद्याला आहे ना? धुंडाळ. लुगड्यांच्या घड्या उलगडून बघ, पेटीच्या झाकणाला आतून कागद डकवलेला असतो तोही सोडव. दादा, तू तिला मदत कर, गुऱ्हाळ एक दिवस थांबलं तर ऊस पळून जात नाही.

मिळाला की टपालाने पाठवू नका. मी स्वतः न्यायला येतो.

गोरक्ष


अहमदनगर
ता. ४ फेब्रुवारी १९४५

ती. आत्यास नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. पेटी बघताय असं धरून चाललो आहे.

काल नूरमहंमदांचा निरोप आला. काचा त्यांनी बेचाळीस साली एका काचवाल्याला दिल्या होत्या. मी त्याच्याकडे धावत गेलो. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मास्तर, ती पेटी तुम्हीच नाही का नेली?"

घरी आलो. काचांवर जुन्या कागदाची वेष्टनं होती, प्रत्येकावर मोडी आकडा. जुना कागद आणि मोडी अक्षर म्हणून ती वेष्टनं मी जपून ठेवली होती, त्यांची गड्डी माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकेक काढत गेलो. दोनशे बारा नंबरचं निघालं.

वेष्टन जपलं आणि काच धुतली. आत्या, मी माझ्या आईला सोड्याच्या पाण्यात घालून काथ्याने घासली.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ती काच आठवते आहे. साफ करण्याआधी मी प्रत्येक काच खिडकीकडे धरून बघत होतो. काचेवर सगळं उलटं असतं, तोंड काळं आणि केस पांढरे, त्यामुळे माणूस ओळखू येत नाही. एक बाई होती, मांडीवर मूल, आणि मुलाच्या जागी नुसता धूर. मी मनात म्हटलं, मूल हललंय, फुकट गेली. आणि बाजूला ठेवली. वहीत तेच शब्द आहेत, मूल हलले. मीच हललो आणि मीच तिला फुकट ठरवलं. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि मला त्यातलं आता काही म्हणता काही आठवत नाही. मी बाईकडे बघितलंच नाही, मुलाकडे बघून निकाल दिला.

तिची काच कुठली, तेही सांगता येत नाही. तेरा भिंतीवर आहेत, चौदा मित्रांच्या घरी. कदाचित ती कुणाच्या फडताळाला बसलेली असेल.

आता ती एक प्रत तेवढी राहिली. ती असलीच पाहिजे. आत्या, पेटीत नसेल तर आजीच्या देवघराच्या खणात बघ, पोथ्यांत बघ. उलट टपाली लिही. नुसतं 'शोधतो आहोत' असं लिहिलं तरी चालेल.

गोरक्ष


श्रीगोंदे
ता. २ मार्च १९४५

गोरक्षभाऊ यांस शकिलाचा नमस्कार. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते, तुमच्या आत्यांच्या शेजारी राहते. छगनभाऊ गुऱ्हाळावर गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि पत्र लिहून द्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलं आहे. शब्द बदलायचा नाही, अशी त्यांनी अट घातली आहे.

गोरक्षा,

छगन्याच्या हातनं ह्ये लिव्हवंना, म्हनून मास्तरीनबाईंस्नी बसवलंय. तुझी दोन्ही पत्रं आयकली. पेटी धुंडाळू नगंस. पेटीत काय न्हाई. फोटू तुझ्या आजीनं न्हाई घेतला. मी घेतला.

तुझ्या बापानं बसऱ्यावरनं कागूद धाडला हुता, पोरगं जलमलं पन बघाया मिळंना, तसबीर धाडा म्हनून. शमशेर तवा पलटनीतल्या लोकांच्या घरचं फोटू काढत गावोगाव हिंडायचा. त्येला बोलावनं मीच धाडलं. तुझी आई बसंना. फोटू काढला का आयुष्य घटतं, असं तवा समदी म्हनायची, तुझी आजी बी म्हनायची. राही माझ्या हाताला धरून म्हनली, "वन्सं, नगं. माझं लेकरू ल्हान हाय." मी तिच्यावर डाफरले. म्हनलं, माझा भाऊ तिकडं गोळ्याम्होरं हुभा आन तुला घडीभर बसवंना व्हय? मग बसली. तुला मांडीवर घेतला. शमशेर म्हनला, बाई, श्वास धरा. तिनं धरला. लई भ्याली हुती.

अकराव्या दिशी तिला मानमोडीचा ताप भरला. दोन दिसांत गेली. त्या सालाला घरटी एक मानूस जात हुतं, कुनाच्या घरात फोटू काढला नव्हता तरी जात हुतं. ह्ये मला आता कळतं. तवा तुझी आजी ऊर बडवून म्हनली, फोटूनं नेली. मला कुनी दोस दिला न्हाई. पन बोलावनं कुनी धाडलं, बळं कुनी बसवलं, ते मला ठावं हुतं.

पुढं शमशेर आला. मी हिरीवर पानी शेंदत हुते. येशीतनं येताना दिसला, काखंत कापडात गुंडाळल्यालं. मी धावत जाऊन त्येला आडवला. म्हनलं, ती गेली. घरी जाऊ नगा, आई तुमचा जीव घील. द्या माझ्यापाशी, आन तुमी हितं आलाच न्हाई असं समजा. शबूद द्या. त्यो खाली बसला वाटंत, डोईचं काढून. मग शबूद दिला. जाताना म्हनला, "बहेन, तुमच्या भावाला तरी दाखवा."

घरात कुनी नव्हतं. मी बघितला. तिनं श्वास धरल्याला तसाच हुता, सुटला नव्हता. मी त्यो चुलीत घातला. कडंनं जळत आला, तोंड शेवटाला गेलं.

तुझा बाप आला. त्येनं पयलं तुला उचललं, मग इचारलं फोटू कुटाय. मी म्हनलं, शमशेरचा फोटू काय येतोय, त्यो कवाच पळाला. म्हन कुनी पाडली इचारतोस ना तुझ्या वहीसाठी? मी पाडली. नगरला जाऊन त्यानं त्या मानसाची बेअब्रू केली, ते बी मला कळलं हुतं. तरी बोलले न्हाई. मग तुमी पोरं ती म्हन हसत म्हनाया लागला, आन मी बी तुमच्यासंगं हसायची.

तू काच धुतलीस ती नकळत. ते मनाला लावून घिऊ नगंस. माझं तसं न्हाई.

मुक्ताबाईचा अंगठा


अहमदनगर
ता. १९ जून १९४५

ती. आत्यास नमस्कार.

साडेतीन महिने लिहिलं नाही. लिहिलं नाही असं नव्हे, सहा पत्रं लिहून फाडली. एकात लिहिलं होतं की मी धुतली ती न कळता, तू जाळलास तो बघून. फार कडू वाटलं म्हणून फाडलं आणि आता इथं पुन्हा तेच लिहून बसलो आहे. आता खोडत नाही.

दादाची ढेप मिळाली. घरात मुलांनी 'शमशेरचा फोटो आला' म्हणून आरडाओरडा केला आणि मी त्यांच्यावर हात उगारला. ती बिचारी रडत बसली. त्यांना काय सांगू? वाचनालयातही परवा एकाने ती म्हण सहज वापरली. मी पसरवली, आता परत कशी घ्यायची ते समजत नाही. नूरमहंमदांचं दुकान टाळून लांबच्या वाटेने शाळेत जातो. खरं काय ते त्यांना सांगायला हवं. निघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. त्यांना सांगायचं म्हणजे तुझं नाव सांगायचं.

भिंतीवरचे तेराही फोटो मी उतरवले. काचा काढून एकावर एक ठेवल्या आहेत. मित्रांकडच्या परत मागायला तोंड नाही.

रागावलो आहे, आत्या. पण रागावून तुझ्याशिवाय दुसरीकडे कुठं जायचं तेच मला कळत नाही. न्हाऊ तू घातलंस, अंगणात धुळीवर बोट धरून पहिली रेघ काढायला तू शिकवलंस. तू वाईट असतीस तर बरं झालं असतं.

सोबत एक चित्र आहे. आईचं. नाक आणि कपाळ धाकट्या मामांवरून घेतलं, पण ती गेली तेव्हा ते पाळण्यात होते; दादाला पत्र टाकून विचारलं तर त्याला तिचे केस लांब होते एवढंच आठवतं. बाकीचं माझ्या मनाने. अकरा वेळा काढलं, त्यातलं हे मला बरं वाटलं. रोज समोर ठेवून बघतो, तर कधी कधी ओळखीचं वाटतं. तिला जवळून बघितलेली अशी तू एकटीच राहिलीस. नीट बघ. कुठं चुकलं असेल तर सांग, नाक मोठं कर, हनुवटी कमी कर, मी पुन्हा काढीन. जुळत असेल तर फक्त 'हीच' एवढं लिहून पाठव. चौकट करून ठेवली आहे. त्या काचांतलीच एक बसवीन.

तू 'हीच' म्हणालीस की माझा राग संपला. खरंच सांगतो.

गोरक्ष


श्रीगोंदे
ता. १५ जुलै १९४५

गोरक्षा,

ह्ये बी शकिलाबाईच लिव्हतायत. पन आता छगन्याला समदं ठावं हाय. मीच सांगितलं. त्यो दोन दिस माझ्याशी बोलला न्हाई, तिसऱ्या दिशी त्यानंच मोटारीचं बघितलं आन मला नगरला घिऊन आला.

व्हय, मी नगरला यिऊन गेले. नूरमहंमदच्या दुकानात गेले. छगन्याला भाईर हुभा क्येला. त्यानं खुर्ची दिली, मी खाली बसले. माझं नाव, गाव, हिरीवरचं, चुलीतलं, सगळं सांगितलं. त्यानं समदं आयकलं. मग आत जाऊन पानी घिऊन आला. म्हनला, "बाई, मला सांगून काय होणार? हे अब्बांना कळायला पाहिजे होतं. ते शेवटच्या दुखण्यात विचारायचे, वाडगावकडून कुणी आलं का." मी उठले. त्यानं मला मोटारीपातूर पोचवलं. तू आता त्येच्या दुकानावरनं सरळ वाटंनं जा. तुझं त्येच्याकडं काय द्येनं न्हाई, जे हुतं ते माझं हुतं, आन ते फिटलं न्हाई.

तुझ्या घरापातूर आले हुते. अंगनात तुझी पोरं खेळत हुती. दार वाजवाया धीर झाला न्हाई. मागारी फिरले.

तुझं चित्तर येऊन पंधरा दिस झाले. रोज उजेडाला घिऊन बसते. शकिलाबाई म्हनत्यात, "आत्या, हीच म्हना, लेकराचा जीव निवेल, कुणाचं काय जातं?" काल म्या त्येंला कागूद घ्याया लावला, हीच म्हनून लिव्हा म्हनलं. त्यांनी टाक बुडवला. आन मग मीच हात धरला त्यांचा.

ह्या फोटूपायी मी एकडाव खोटं बोलले, ते समद्यांला गोड लागलं हुतं. तू बी सुखानं मानशील. चौकटीत घालशील, कुकू लावशील, तुझी पोरं तिच्या पाया पडतील. आन मला ठावं असंल, ती कोन न्हाई म्हनून.

नाक मोठं कर का ल्हान कर, इचारतोस. गोरक्षा, मला सांगता येत न्हाई. तिचं बोलनं ध्येनात हाय, चालनं हाय, पाठमोरी तर अजून समोरनं जाती. तोंड आठवाया डोळं मिटलं का चुलीतला कागूद दिसतो. इतकी वर्सं मी तिकडं बघायचं टाळलं, आता बघाया गेले तर काय उरलंच न्हाई. माझ्या डोळ्यांत ती हाय म्हनून तू इसंबून बसला हुतास. तिथं बी न्हाई. ह्ये तुला सांगन्यापरीस हीच म्हननं सोपं हुतं.

कशी हुती ते सांगता येत न्हाई, पन ही न्हाई, येवढं बघताक्षनी कळलं.

तुझा राग ऱ्हाऊ दे. मला त्यो चालंल. पत्र मातुर टाकत जा.

चित्तर परत धाडते, मोडू नये म्हनून छगन्यानं फळीला बांधलंय. लई झ्याक काढलंस. बाई चांगली हाय, मायाळू हाय, कुनाची बी आई वाटंल.

तुझी न्हाई.

मुक्ताबाईचा अंगठा